वेबलेट : मुक्तस्रोत कामात नवख्यांना आणणारे साधन, रत्नागिरीतल्या एका पावसाळ्याचा अनुभव

मी रत्नागिरीत पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकवते. दरवर्षी तिसऱ्या वर्षाचे चार-दोन विद्यार्थी येऊन विचारतात, “मॅडम, ओपन सोर्समध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?” ओपन सोर्स म्हणजे मुक्तस्रोत, ज्याचा कोड कोणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतो असे सॉफ्टवेअर. या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षे एकच उत्तर होते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर खाते उघडा, ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे नवख्यासाठी सोपे, अशी खूण केलेले एखादे काम शोधा, कोड उतरवून घ्या, दुरुस्ती करा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती दुरुस्ती स्वीकारण्याची विनंती, पाठवा, असे मी सांगत असे. ते ऐकून गेलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या विषयावर बोलायला आले नाहीत. मुले हुशार होती आणि त्यांना करायचेही होते. मी दाखवलेली वाटच पहिल्या पावलाला फार चढी होती. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी वाट बदलून पाहिली. सहा विद्यार्थी, आठ रविवार आणि वेबलेट नावाचे एक साधन एवढ्यावर आम्ही काम केले, आणि त्या साधनाचे हे परीक्षण आहे.

वेबलेट हे सॉफ्टवेअरच्या भाषांतराचे संकेतस्थळही आहे आणि ते चालवणारी प्रणालीही. २०१२ साली एका चेक प्रोग्रॅमरने ते सुरू केले. ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, जँगो या तयार सांगाड्याच्या आधारे लिहिलेले असून जीपीएल या मुक्त परवान्याखाली स्वतःही मुक्त आहे, त्यामुळे ज्याला हवे तो ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. लिबरऑफिस, फेडोरा, एफ-ड्रॉइड, गोडो असे मोठे प्रकल्प आपली भाषांतरे त्यावर करून घेतात. भाषांतरकाराला एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि मुक्तस्रोत प्रकल्पांना त्यांच्या मुख्य संकेतस्थळावर ठरावीक अटींवर विनामूल्य जागा मिळते. याचे खरे मोल मात्र त्याच्या जोडणीत आहे. वेबलेट प्रकल्पाच्या गिट रेपॉझिटरीला, म्हणजे बदलांच्या इतिहासासह कोड जपणाऱ्या साठ्याला, थेट जोडलेले असते, आणि ॲपमधले प्रत्येक वाक्य, प्रत्येक बटणावरचा शब्द ते तिथून उचलून भाषांतरकारापुढे ठेवते. त्याने केलेले भाषांतर त्याच्याच नावाच्या कमिटच्या, म्हणजे नोंदलेल्या बदलाच्या, रूपाने रेपॉझिटरीत परत जाते. म्हणजे विद्यार्थ्याला गिटची एकही आज्ञा येत नसताना त्याचे नाव एका खऱ्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात नोंदले जाते, आणि तेही नुसते दाखवण्यापुरते नाही. तो शब्द पुढच्या आवृत्तीत लोकांच्या फोनवर उमटतो.

नेहमीची वाट का तुटते, हे थोडक्यात सांगते. अँड्रॉइडच्या एखाद्या ॲपमध्ये एक ओळ बदलायची म्हटली तरी आधी अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याची साधने उतरवावी लागतात, ती काही जीबींची असतात, आणि आठ जीबी रॅमचा संगणकही त्या ओझ्याखाली धापा टाकतो. आमच्या सहापैकी दोघांकडेच लॅपटॉप होते. त्यातच जुलैमध्ये वीज गेली की ती कधी येईल याची खात्री नसते, आणि निम्म्यावर तुटलेले डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्या मुलाचा उत्साह तिसऱ्या खेपेला संपतो. ‘गुड फर्स्ट इश्यू’ची खूण असलेल्या कामांवर आपण पोहोचेपर्यंत “हे मला द्या” असे आधीच दहा जणांनी लिहिलेले असते. शिवाय मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी मंडळीही पोळलेली आहेत. ऑक्टोबर महिन्यातल्या योगदानासाठी २०१४ पासून चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टांचा असा लोंढा आला, की सहभागाला आधी संमती देणाऱ्या प्रकल्पांतलेच योगदान मोजायचे, असा नियम आयोजकांना तेव्हाच करावा लागला. अशा वातावरणात अनोळखी नवख्याने पाठवलेली एका शब्दाची दुरुस्ती संशयाने पाहिली गेली, तर त्या मेंटेनरलाही दोष देता येत नाही.

आम्ही एक हवामानाचे मुक्तस्रोत ॲप निवडले. त्याचे मराठी भाषांतर कोणीतरी सुरू करून एक तृतीयांशावर सोडून दिलेले होते. हवामान निवडण्याचे कारण साधे होते. किनाऱ्यावरच्या मुलांना वारा, पाऊस आणि भरती यांची भाषा पुस्तकाबाहेरही येते, आणि नवख्याला पहिल्याच दिवशी ‘हे मला माहीत आहे’ असे वाटणे मला महत्त्वाचे वाटत होते.

पहिल्या रविवारी चौघांनी मोबाइलच्या ब्राउझरमधूनच खाते उघडले. ईमेल द्यायचा, आलेल्या दुव्यावर टिचकी मारायची, आपल्या भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी निवडायच्या, एवढेच. अर्ध्या तासात प्रत्येकाचे निदान एक वाक्य जतन झालेले होते. इथे एक सूचना आवर्जून देते, कारण ती पहिल्या पानावर कोणी ठळकपणे देत नाही. कमिटबरोबर भाषांतरकाराचे नाव आणि ईमेलही रेपॉझिटरीच्या सार्वजनिक इतिहासात जाते, आणि तिथून ते सहसा कधीच पुसले जात नाही. वेबलेटच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये कमिटसाठी वेगळा ईमेल निवडता येतो, आणि गिटहबही खरा पत्ता झाकणारा एक पर्यायी पत्ता देते. विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, पहिले वाक्य जतन करण्याआधी हे दाखवून द्यावे. आम्ही ते केले, आणि त्यात खर्च झालेली दहा मिनिटे मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

दुसऱ्या रविवारी भरती-ओहोटीच्या पडद्यावरची वाक्ये आली. ‘हाय टाइड’ला भरती आणि ‘लो टाइड’ला ओहोटी लिहून झाले, आणि मग ‘स्प्रिंग टाइड’ समोर आले. यंत्राने सुचवलेले भाषांतर होते ‘वसंत भरती’. एका मुलीने ते स्वीकारण्यासाठी बोट उचललेही होते. तेवढ्यात शेजारी बसलेला, इथल्या मिरकरवाडा या मासेमारी बंदराकडचा मुलगा, ज्याच्या घरची होडी मासेमारीबंदीमुळे त्या वेळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, तो म्हणाला, “वसंत कसला? अमावास्या-पौर्णिमेला येतं ते उधाण.” पुढचेच वाक्य ‘नीप टाइड’चे होते. अष्टमीच्या सुमारास पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही त्या दिवसांना आमच्याकडे भांग म्हणतात, हेही त्यानेच सांगितले. त्या मुलाला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, वर्गात तो शेवटच्या बाकावर बसतो, आणि त्याने स्वतःहून बोललेले मी त्याआधी फारसे ऐकले नव्हते. त्या दिवशी बाकीचे पाचही जण प्रत्येक शब्द जतन करण्याआधी त्याच्याकडे पाहू लागले. ‘लँड ब्रीझ’ आणि ‘सी ब्रीझ’ ही जोडी मात्र सगळ्यांना शाळेच्या भूगोलातूनच आठवली, मतलई वारे आणि खारे वारे. हे चारही शब्द आम्ही त्या प्रकल्पाच्या शब्दसंग्रहात घातले. वेबलेटचा शब्दसंग्रह ही फार उपयोगी सोय आहे, कारण एकदा ठरवलेला शब्द पुढे जिथे जिथे येईल तिथे तो भाषांतरकाराच्या नजरेसमोर ठेवला जातो, आणि सहा जणांचे काम सहा तऱ्हांचे होत नाही.

यंत्राच्या सूचनांबद्दल माझे मत यावरून पक्के झाले. त्या बंद करू नयेत, पण नवख्याने पहिल्या दोन बैठकींत त्यांच्याकडे पाहूच नये. आधी स्वतःचा शब्द लिहावा, मग यंत्राचा पाहावा. उलट क्रमाने केले की यंत्राचाच शब्द मनात बसतो.

एकेकटे शब्द संदर्भ सोडून समोर येतात, हा वेबलेटवरच्या कामातला सर्वांत मोठा अडसर आहे. ‘क्लिअर’ हा शब्द आमच्याकडे दोनदा आला. पहिल्या खेपेला एकाने ‘स्पष्ट’ असे लिहून टाकले. वास्तविक एका ठिकाणी तो आकाशाबद्दल होता, म्हणजे निरभ्र, आणि दुसऱ्या ठिकाणी शोधाची चौकट रिकामी करणाऱ्या बटणाबद्दल, म्हणजे पुसा. ‘लाइट’ म्हणजे हलका पाऊस की पडद्याची उजळ रंगसंगती, ‘लो’ म्हणजे कमी दाबाचा पट्टा की दिवसाचे किमान तापमान, असे प्रश्न पावलोपावली येतात. वेबलेट याला तीन उत्तरे देते. प्रकल्पाने त्या पडद्याचे चित्र चढवले असेल तर ते बाजूला दिसते. भाषांतराच्या फाइलीत आजूबाजूला असणारी वाक्ये ‘नियरबाय स्ट्रिंग्ज’ या खणात दिसतात. आणि त्या वाक्याची कोडमधली किल्ली, म्हणजे त्याचे आतले नाव, माहितीच्या चौकटीत दिलेले असते. आमच्या ॲपमध्ये चित्रे फारच थोडी होती, पण किल्ल्या नीट नावांच्या होत्या. एका ‘क्लिअर’च्या किल्लीत ‘ॲक्शन’ हा शब्द होता आणि दुसऱ्याच्या किल्लीत ‘स्काय’. ती वाचायची सवय लागली आणि चुका झपाट्याने कमी झाल्या. मी यात आणखी एक फायदा पाहिला. किल्ली वाचणारा विद्यार्थी नकळत कोड वाचायला लागलेला असतो.

आता मराठीचा खास प्रश्न. ॲपमधल्या अनेक वाक्यांत गावाच्या नावासाठी मोकळी जागा ठेवलेली असते आणि तिथे पर्सेंट-एस ही खूण असते. ‘रेन इन’ आणि पुढे ती खूण, एवढे इंग्रजीत पुरते. मराठीत मात्र नाव विभक्तीत जाताना बदलते. रत्नागिरीचे रत्नागिरीत होते, पण चिपळूणचे चिपळुणात होते आणि वेंगुर्ल्याचे वेंगुर्ल्यात. खुणेला नुसता ‘त’ चिकटवला तर ॲप ‘चिपळूणत’ आणि ‘वेंगुर्लेत’ असे काहीतरी लिहील. यावर मुलांनी जवळजवळ तासभर वाद घातला. अखेर उपाय सापडला तो वर्तमानपत्राच्या आणि निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत, ‘येथे’. ‘वेंगुर्ले येथे पाऊस’, ‘चिपळूण येथे पाऊस’. नावाला हात न लावता वाक्य शुद्ध राहते. आपल्या पूर्वसूरींनी सरकारी पत्रांत आणि लग्नपत्रिकांत रुळवलेला हा शब्द सॉफ्टवेअरच्या कामी इतका चपखल येईल, असे मला कधी वाटले नव्हते. भाषांतर करताना ही खूण चुकून गळली किंवा तिच्यात जास्तीची जागा पडली, तर वेबलेट लगेच इशारा देते. हे स्वयंचलित तपास नवख्यासाठी फार मोठा आधार आहेत, कारण अशा चुकीने एखादे ॲप बंदही पडू शकते, आणि ‘माझ्या हातून काही मोडणार तर नाही ना’ ही भीती पहिल्या दिवसांत सर्वांनाच असते.

याच वादातून आमचे सर्वांत मोलाचे काम निघाले. इशाऱ्याच्या सूचनेचे वाक्य दोन तुकड्यांत होते. ‘अलर्ट फॉर’ हा एक तुकडा, मग कोड गावाचे नाव जोडे, मग ‘अन्टिल’ हा दुसरा, आणि शेवटी वेळ. मराठीत हवे होते ‘वेंगुर्ले येथे सायंकाळी ६ पर्यंत इशारा’, म्हणजे पहिला तुकडा रिकामा आणि शेवटी एक जास्तीचा. रिकामे भाषांतर वेबलेट भाषांतर मानत नाही, आणि शेवटच्या शब्दाला जागाच नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने ही अडचण मला न विचारता मूळ इंग्रजी वाक्याखालच्या टिप्पणीत इंग्रजीत लिहिली. टिप्पणी भाषांतरकारांसाठी आहे की मूळ वाक्य बदलण्याबद्दल आहे, हे वेबलेट आधीच निवडू देते, आणि मूळ वाक्याबद्दलची टिप्पणी सूचना मागवलेल्या मेंटेनरपर्यंत पोहोचते. मग तिने वाक्याच्या माहितीतला स्रोताचा दुवा उघडला. तो दुवा थेट रेपॉझिटरीतल्या त्या फाइलीवर जातो. माझ्या मते नवख्याला कोडकडे नेणारा वेबलेटमधला सर्वांत महत्त्वाचा पूल हाच आहे. हजारो ओळींच्या रेपॉझिटरीत ‘कुठून सुरू करू’ या प्रश्नाने बावरलेल्या मुलीला एका फाइलीपाशी नेऊन उभे केले, आणि तिथली अडचण तिला मेंटेनरपेक्षा जास्त चांगली कळत होती.

दुरुस्ती लहान होती. तुकडे काढून एकच वाक्य करायचे आणि त्यात क्रमांक दिलेल्या खुणा ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक भाषेला आपापला क्रम लावता येतो. तिने गिटहबच्या संकेतस्थळावरूनच फाइल बदलून पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली. त्यानंतर पाच आठवडे कोणीही काही बोलले नाही. ते पाच आठवडे मला अजून आठवतात. ती दर रविवारी येऊन आधी तेच पान उघडत असे, आणि तिसऱ्या रविवारी तिने विचारले, “मॅडम, मी काही चुकीचं लिहिलं का?” तिने काहीही चुकीचे लिहिलेले नव्हते, प्रकल्पाची नवी आवृत्ती तोंडावर आल्यामुळे मेंटेनर गुंतलेले होते. पण हे एका ओळीत सांगायला कोणी नव्हते, आणि नवखा माणूस शांततेचा अर्थ नेहमी आपल्याच चुकीत शोधतो. अखेर उत्तर आले, आणि ते नीट समजावून सांगणारे होते. तुकड्यांच्या जागी नवे वाक्य आले तर इतर सर्व भाषांतली तुकड्यांची भाषांतरे एकदम निकामी होतील, आणि नव्या वाक्याचे भाषांतर होईपर्यंत अँड्रॉइडच्या नियमानुसार तिथे इंग्रजी वाक्य दिसू लागेल. तेव्हा नवे वाक्य नव्या किल्लीने घालावे आणि हा बदल आवृत्ती निघाल्यावर करावा, म्हणजे भाषांतरकारांना पुढच्या आवृत्तीपर्यंत वेळ मिळेल. तिने तसे केले आणि बदल स्वीकारला गेला. हेच उत्तर पहिल्या आठवड्यात मिळाले असते तर तिचे चार रविवार वाचले असते.

यात साधनाचा दोष किती आणि माणसांचा किती, हे वेगळे पाहायला हवे. वेबलेट माणूस पुरवत नाही. ते वाक्य देते, तपासते, पोहोचवते, पण ‘तुझे काम मी पाहिले’ असे म्हणणारा कोणीतरी प्रकल्पात असावाच लागतो. ज्या प्रकल्पात तो नाही तिथे वेबलेट लावूनही नवखे टिकणार नाहीत. काही उणिवा मात्र साधनाच्याच आहेत. मोबाइलवर काम होते, पण वाक्य वर, लेखनाची चौकट मध्ये, आणि किल्ली, शेजारची वाक्ये, चित्रे हे सगळे खाली लांबवर. ज्या गोष्टींनी चुका टळतात त्याच नजरेआड राहतात. जतन केलेले काम रेपॉझिटरीत लगेच जात नाही. मूळ मांडणीत ते चोवीस तासांपर्यंत थांबवून एकत्र पाठवले जाते. त्याला तांत्रिक कारण आहे, एरवी इतिहास शेकडो बारीक कमिटांनी भरून जाईल. पण पहिल्या दिवशी आपले नाव शोधणाऱ्या मुलाला ते सांगितले नाही तर काम हरवले असे वाटते. आमच्यातल्या दोघांनी त्या रात्री मला फोन केला. तपासांचे काही इशारे मराठीला लागू नसतात, इंग्रजी शब्द तसाच ठेवला तरी शंका घेतली जाते, आणि कोणता इशारा सोडून द्यावा हे कळायला दोन-तीन बैठका लागतात.

तरीही माझी शिफारस ठाम आहे. ज्यांना शिकवायचे आहे आणि ज्यांच्याकडे चांगले संगणक किंवा स्थिर वीज नाही, त्यांनी मुक्तस्रोताची सुरुवात वेबलेटपासून करावी, आणि एकट्याने नव्हे तर एका खोलीत पाच-सहा जणांनी बसून करावी. प्रकल्प चालवणाऱ्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. भाषांतरासाठी वेबलेट जोडाल तेव्हा पडद्यांची चित्रे चढवा, संदिग्ध शब्दांना एका ओळीचे स्पष्टीकरण जोडा, आणि आलेल्या पहिल्या टिप्पणीला आठवड्याच्या आत दोन शब्दांचे का होईना उत्तर द्या. दिवसभर खपून लिहिलेल्या योगदान-मार्गदर्शिकेपेक्षा त्या दोन शब्दांचा उपयोग जास्त होतो, हे मी आठ रविवार पाहिले आहे.

आमच्या ॲपचे मराठी आता जवळजवळ पूर्ण आहे. सहापैकी चौघे अजून येतात, आणि त्यातल्या दोघांनी कोडमधली कामे घेतली आहेत. एक वाक्य मात्र आम्ही मुद्दाम ‘नीड्स एडिटिंग’, म्हणजे अजून सुधारायचे आहे, अशी खूण करून ठेवले आहे. दूर कुठेतरी झालेल्या वादळाने उठलेल्या आणि इथे वारा नसतानाही किनाऱ्याला येऊन लागणाऱ्या लांब लाटेला इंग्रजीत ‘स्वेल’ म्हणतात. कोशातून निघालेला एकही शब्द मिरकरवाड्याच्या त्या मुलाला पटला नाही. त्याचे काका बंदी उठल्यावर होडीवर गेले आहेत, आणि ते परतले की त्यांना विचारून तो शब्द भरणार आहे.